वाळूची आगोट

मे महिन्यात पाहिलेली तारकर्लीची पुळण जुलैत ओळखू येत नाही. रुंद पांढरा पट्टा अरुंद, चढा झालेला असतो. समुद्राने किनारा खाल्ला, असे आपण म्हणतो. खरे तर बरीचशी वाळू त्याने जवळच पाण्याखाली नेऊन ठेवलेली असते. पावसाळी वाऱ्याच्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि त्या फुटतात तिथे तिचा दांडा घालतात. मग पुढच्या लाटा त्या उथळ दांड्यावरच फुटू लागतात आणि किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. पावसाळा सरून दर्या निवळला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात.

पुढचे काम वाऱ्याचे. उन्हाने वरचा थर सुकला की दुपारचा खारा वारा कण उचलतो. ते फार उंच उडत नाहीत. जमिनीलगत उड्या मारत जातात आणि खाली आपटताना दुसऱ्या कणांना उडवतात. वाटेत मर्यादवेल आली की वारा मंदावतो, कण तिथेच बसतात. वेल पुरली जाते, पुन्हा वर येते, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते आणि वाळूचे टेकाड वाढत जाते. केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळ वाळूची केवढी टेकडी उभी राहू शकते, ते पाहायला मिळते.

कोकणातली घरे पावसाआधी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, तशी ही टेकाडे म्हणजे किनाऱ्याची आगोट. वादळी लाटा त्यांचा पायथा कापतात, ती वाळू पुळणीला मिळते आणि मागची माडाची बाग वाचते.

आपण मात्र समुद्र दिसत नाही म्हणून टेकाड सपाट करतो आणि लाट अंगणात आली की दगडी बंधारा मागतो. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र अशा देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्यांनी तो मागितला, तर त्यांना दोष देता येणार नाही. घर धोक्यात असलेल्याला कोणी भूगोल शिकवू नये. पण दगडावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळूही घेऊन जाते, आणि बंधारा संपतो तिथल्या शेजाऱ्याची जमीन खचू लागते.

किनारा नियमनाच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना संरक्षण दिले आहे. कागदावर ते पुरेसे आहे. बाकीचे आपल्याकडे : पुढच्या सुट्टीत गाडी रस्त्यावरच ठेवा, आणि पुळणीवर उतरताना मर्यादवेल तुडवू नका.