जो सुखरूप घरी पोहोचला

गेल्या हिवाळ्यात, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना, इशाच्या नमाजनंतर एक टेम्पोचालक मशिदीत मागे रेंगाळला. तो व त्याचा मित्र एका रात्री भिगवणजवळच्या ढाब्यावर मद्य घेऊन आपापल्या गाड्यांनी निघाले होते. हा बारामतीकडे वळला व घरी येऊन झोपला. मित्र इंदापूरच्या दिशेने गेला आणि पहाटेपूर्वी त्याच्या गाडीने उसाच्या बैलगाडीला मागून धडक दिली. बीडकडून आलेला एक तोडणी मजूर जागीच मरण पावला.

"मौलाना, आम्ही दोघांनी सारखीच घेतली होती. तो तुरुंगात आहे आणि मी तुमच्या मागे सफमध्ये उभा राहतो. अल्लाहच्या दरबारात आमच्यात फरक काय?"

मी तौबा करण्यास सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते, पण घाईचे होते, आणि ते त्यालाही जाणवले असावे.

त्यानंतर मी आपल्या देशाचा कायदा वाचू लागलो. मराठीत बी.ए. केले तरी कायद्याची मराठी वाचताना धाप लागतेच. पण या कलमाचा प्रवास मनोरंजक आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात प्रश्न होता तो चालकाचा वाहनावरील ताबा सुटण्याइतकी नशा होती का, एवढाच. १९८८ चा कायदा आला तेव्हा कलम १८५ मध्ये रक्तातील मद्य कितीही अल्प असले तरी तो गुन्हा ठरला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने मर्यादा आली: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य, तेही श्वासतपासणीत आढळलेले. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला. सहा महिन्यांपर्यंतची कैद होतीच.

शरीअतचा प्रवास याच्या उलट झाला. प्रथम मद्यात लाभापेक्षा पाप मोठे असल्याचे सांगितले गेले (सूरह बकरा : २१९). मग नशेत नमाजजवळ जाऊ नका, आपण काय बोलतो ते कळेपर्यंत थांबा, असा हुकूम आला (सूरह निसा : ४३). शेवटी सूरह माइदामध्ये संपूर्ण मनाई झाली आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. ज्याचे अधिक प्रमाण नशा आणते त्याचा थेंबही हराम, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले. म्हणजे कायदा 'कितीही अल्प' येथून मोजमापाकडे आला, तर शरीअत मोजमापाकडून 'कितीही अल्प' येथे पोहोचली.

यावरून कायद्याला हिणवणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. शिक्षा द्यायची तर पुरावा हवा. केवळ तोंडाच्या वासावरून मद्यपानाची शिक्षा द्यावी का, यावर आपल्या फिकहच्या इमामांतही मतभेद आहेत: मालिकी मत ती मान्य करते, हनफी व शाफई मत संशयाचा फायदा देते. न्यायाधीशाला मोजमाप लागतेच. खोट आहे ती, 'एवढी चालते' असे त्या ३० मिलिग्रॅमचे परवान्यात रूपांतर करणाऱ्या आपल्या मनात.

पण टेम्पोचालकाचा प्रश्न मोजमापाचा नव्हताच. गुन्हा घडला कुठे? बैलगाडीजवळ, की ढाब्यावर, खिशात किल्ली असताना पेला उचलला तेव्हा? मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर मरण पावले. सत्र न्यायालयाने तो निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद दिली; उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची दिली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. 'हेतू नव्हता' हे खरे असले तरी जाणीव होती, हा त्यामागील विचार. ही जाणीव सुखरूप घरी पोहोचणाऱ्यालाही तेवढीच असते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी त्याला म्हणालो, "परक्याचा जीव पणाला लावण्याचे पाप तुम्हा दोघांचे सारखेच आहे. तू वाचलास तो चांगला होतास म्हणून नव्हे. ती मोहलत होती."

तरीही फरक उरतो, आणि तो पुसून टाकणे मला मान्य नाही. चुकून झालेल्या हत्येसाठीही कुरआनने वारसांना दियत आणि गुलामाची मुक्तता, ते शक्य नसल्यास लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे सांगितले आहेत. करार असलेल्या समाजातील मृतासाठीही तोच हुकूम आहे (सूरह निसा : ९२). भरपाई विमा कंपनी देईल, पण साठ रोजे कंपनी ठेवत नाही. ते त्याच्या मित्रालाच ठेवायचे आहेत. मृताचा हक्क मित्राच्या मानेवर आहे, याच्या नाही. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो. तेव्हा मित्राची तौबा एका विधवेच्या दारातून जाते. याची सरळ अल्लाहकडे जाते.

हे ऐकून त्याला हायसे वाटेल असा माझा अंदाज होता. तो बराच वेळ चटईच्या कडेशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे त्या बाईचं काहीच देणं नाही?"

मी म्हणालो, "हुकुमाने नाही."

पुढच्या जुम्याला तो दिसला नाही. टोळीच्या मुकादमाकडून गावाचा पत्ता घेऊन तो बीडकडे गेला होता, असे नंतर कळले. तिथे काय झाले ते त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.