परत आलेल्या खलाशाची बायको

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या कोकणी खलाशाच्या बायकोचं नाव सरकारी छापील नोंदीत सापडू शकतं. जो खलाशी जिवंत घरी आला, त्याच्या बायकोचं नाव अशा नोंदीत नसतं. नवी मुंबईतल्या घरांतून आज कुणी आजोबांच्या नौदलातल्या किंवा जहाजावरच्या नोकरीचा शोध घ्यायला निघालं, तर त्याने ही गोष्ट आधी समजून घ्यावी. पुढचा शोध कुठे करायचा, हे या फरकावरूनच ठरतं.

आधी बुडालेल्यांचं पाहू. नेरूळहून हार्बर लाइनने निघालं की मशीद स्टेशन लागतं. त्या भागात इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी नावांची वही आहे. तिच्यात तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानच्या नौदलातले सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६,००० लोक आहेत. समुद्राखेरीज या माणसांना कबर नाही. अशीच दुसरी वही चितगावला आहे. या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. नोंद असते ओळ-दोन ओळींची, म्हणजे नाव, हुद्दा, जहाज आणि तारीख. पण काही नावांपुढे आणखी मजकूर येतो: अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, रत्नागिरी. ज्या बाईने शाळेची पायरी पाहिली नाही, जिच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तिचं नाव आणि गाव नवऱ्याच्या मरणामुळे छापलं गेलं.

गावच्या दप्तरातही हेच घडायचं. सातबाऱ्यावर खातेदार म्हणून बहुधा पुरुष असायचा. तो वारला की वारसाचा फेरफार व्हायचा, आणि तलाठ्याच्या हातून विधवेचं नाव पहिल्यांदा कागदावर उतरायचं. युद्धखातं आणि महसूलखातं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघांनाही बाई दिसली ती वारस म्हणून. नवरा जिवंत असेतो तिची नोंद घ्यायचं कारणच त्यांना पडलं नाही. मुसलमान घरांना मात्र निकाहाची वही असते. तिच्यात वधू, तिचा बाप, मेहर, साक्षीदार सगळे लिहिलेले असतात. ख्रिस्ती घरांना चर्चची नोंदवही आहे. युद्धापूर्वी नौदलात खालच्या हुद्द्यांवर भरती होणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. त्यामुळे त्यांच्या नातवंडांनी कुठल्याही मोठ्या दप्तराआधी गावच्या काझींकडे किंवा जमातीकडे जावं. हिंदू मराठा, भंडारी, खारवी घरांना ही सोय नाही. तिथे लग्नाची आठवण उरते ती माणसांच्या बोलण्यात.

इंग्लंडमधल्या मजूर घराशी ताडून पाहिलं की फरक कळतो. युद्ध सुरू होऊन महिना व्हायच्या आत, २९ सप्टेंबर १९३९ रोजी, तिथल्या सरकारने घरोघरच्या माणसांची नोंद घेतली. ओळखपत्रं आणि पुढे रेशन यासाठी तिचा उपयोग झाला. त्या नोंदीत लाखो बायकांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘बिनपगारी घरकाम’ असं लिहिलेलं आहे. शब्द वाचून राग येतो. तरीही ती बाई तिथे आहे, स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांसह. नवरा नौदलात असेल तर त्याची सेवा-नोंद वेगळी मिळते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की नातवाला एक जोडपं दिसतं. आपल्याकडे जनगणनेतून आकडे मिळतात, माणूस मिळत नाही. १९४१ च्या जनगणनेचं कोष्टकीकरण तर युद्धामुळे आखडतंच घेतलं गेलं.

आता परत आलेल्यांकडे वळू. रॉयल इंडियन नेव्हीत १९३९ साली जेमतेम दोन हजार माणसं होती. १९४५ पर्यंत ती तीस हजारांच्या घरात गेली. या वाढीत सगळ्या प्रांतांतली कोवळी मुलं भरती झाली. त्यांनी काय केलं, ते युद्धाच्या इतिहासात सापडतं. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बेंगॉल’ या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करताना दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज घेतली. त्यांतलं ‘होकोकु मारू’ बुडालं. ‘जमना’ आणि ‘सतलज’ ही जहाजं १९४३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत होती. आजोबा कुठे होते, हे घरातलं पदकही थोडंफार सांगतं. भारतीय दलांना मिळालेल्या पदकांच्या कडेवर बहुधा नाव आणि नंबर असतो. वॉर मेडल अठ्ठावीस दिवसांच्या सेवेवर मिळत असे. इंडिया सर्व्हिस मेडलला तीन वर्षं लागत. बर्मा स्टार असेल तर पूर्वेकडच्या लढाईचा संबंध नक्की. मोडीत गेलेल्या पदकाबरोबर किती माहिती जाते, हे यावरून लक्षात यावं.

पण हे सगळं त्याचं झालं. त्याच्या बायकोचं युद्ध दुसरीकडे चाललं होतं. पगारातला काही भाग घरी यायचा, तो पोस्टमन आणायचा. मनीऑर्डर आली याचाच अर्थ माणूस आहे. ती चुकली की गावातल्या दुसऱ्या खलाशाच्या घरी चौकशीला जायचं. धान्य महागलं, रेशन आलं, रॉकेल मिळेना. नवरा-बायको मुंबईत माझगाव-डोंगरी भागात राहत असतील, तर १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी चारनंतर गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे स्फोटकांनी भरलेलं जहाज फुटलं तेव्हा ती कुठे होती, हा प्रश्न आजोबांच्या जहाजाइतकाच मोलाचा आहे. त्या दिवशी समुद्रावर असलेला नवरा सुरक्षित होता आणि घरी असलेली बायको आगीच्या तोंडाशी होती. युद्धावर कोण गेलं होतं, याचं उत्तर त्या दिवसापुरतं तरी बदलतं.

मग फेब्रुवारी १९४६ येतो. १८ तारखेला कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेत नाविकांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून संप पुकारला. तो जहाजाजहाजांवर पसरला, गिरणगाव त्यांच्या बाजूने रस्त्यावर आलं, गोळीबारात शेकडो माणसं गेली, आणि २३ तारखेला नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. बडतर्फ होऊन गावी परतलेल्यांना स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. असा माणूस घरी काय सांगणार? युद्धातली नोकरी अभिमानाने सांगावी तर ती इंग्रजांची, आणि बंड सांगावं तर नोकरी गेली ती त्याच्यामुळे. अनेक घरांत या दोन्ही गोष्टी एकदमच मिटल्या. मला वाटतं, आजोबा कमी बोलत असं जे नातवंडं सांगतात, त्याच्या मुळाशी स्वभावापेक्षा हीच अडचण अधिक असावी. पुढे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन सुरू झालं आणि नौदलाच्या बंडाला त्यात मान्यता मिळाली. अर्जासाठी पुरावे जमवावे लागले, आणि तेव्हा कुठे ट्रंकेतले कागद बाहेर आले. विधवेलाही ते वेतन मिळू शकत होतं. म्हणजे इथेही तिचं नाव फाइलीत चढलं ते तो गेल्यावर.

फाळणीने आणखी एक धागा तोडला. नौदल वाटलं गेलं, जहाजं वाटली गेली, आणि काही घरांतला एक भाऊ मुंबईत, दुसरा कराचीत अशी स्थिती झाली. पत्रं येत होती तोवर नातं होतं. ती पत्रं मुंबईतली चाळ सोडून वाशी-कोपरखैरण्याच्या घरांत येताना कित्येकदा टाकून दिली गेली.

तेव्हा शोधाची सुरुवात खलाशाच्या बायकोपासून करावी. ती स्वतः आता बहुतेक घरांत हयात नाही, पण तिच्या हाताखाली संसार शिकलेली सून किंवा शेवटपर्यंत जवळ राहिलेली धाकटी लेक अजून आहे. त्यांना ‘युद्धाचं सांगा’ म्हटलं तर त्या म्हणतील, आम्हाला काय ठाऊक. त्याऐवजी विचारावं: मनीऑर्डर कुणाच्या नावावर यायची, सासऱ्याच्या की तिच्या? आली नाही त्या महिन्यात उधारी कुणाकडे? तो नसताना कोणतं मूल जन्मलं, आणि त्याला बाप पहिल्यांदा कधी दिसला? गोदीत स्फोट झाला तेव्हा ती मुंबईत होती की गावी? तो घरी कायमचा आला तेव्हा कोणते कपडे होते अंगावर, आणि त्यानंतर पहिली कमाई कशातून झाली? या उत्तरांतून तारखा निघतात, आणि त्या पदकाच्या कडेवरच्या नंबराशी, व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची नोंद ठेवणाऱ्या शिपिंग मास्तरच्या कचेरीतल्या नोंदीशी, शाळेच्या दाखल्याशी जुळवून पाहता येतात. लिहून काढताना तिचं माहेरचं नाव आणि गाव आधी लिहावं. वारसाच्या फेरफारात ते नसतं.