सख्याची थट्टा आणि साहेबांची नोटीस



आजचा पाठ: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४१ आणि ४२.

खरं सांगतो, हे दोन श्लोक मी आजवर नेहमी घाईत वाचलेत. अकरावा अध्याय म्हटलं की आपलं सगळं लक्ष विश्वरूपाकडे असतं. असंख्य मुखं, असंख्य बाहू, भीष्म-द्रोणांसारखे महारथी त्या जबड्यांत शिरताहेत आणि अर्जुन थरथर कापतोय. एवढ्या प्रचंड दृश्यासमोर उभं असताना त्याला एकदम एक घरगुती गोष्ट आठवते: अरे, मी तर याची थट्टा केली होती!

त्याच्या बोलण्याचा भावार्थ असा. तुझा महिमा मला कळलाच नव्हता. मित्र समजून मी तुला नुसत्या नावाने हाका मारल्या. खेळताना, पहुडलेलो असताना, शेजारी बसलेलो असताना, जेवताना चेष्टेच्या भरात तुझा मान राखला नाही. कधी आपण दोघंच होतो, कधी चार लोक होते. नकळत झालं असेल किंवा प्रेमापोटी झालं असेल, पण झालं. मला क्षमा कर.

ज्ञानेश्वर माउलींनी हा भाग फार सविस्तर खुलवलाय. अर्जुनाच्या तोंडून चुकांची लांबलचक यादीच येते. हाती अमृत आलं आणि आपण ते सडासंमार्जनाला वापरलं, अशी त्याची हळहळ आहे. मला हे वाचताना पूर्वी गंमत वाटायची. या वेळी वाटली नाही, कारण आमच्या टीममध्ये नेमकं असंच काहीतरी घडलंय.

आमचे मॅनेजर पंचेचाळिशीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "इथे सर-बिर कोणी म्हणायचं नाही. आपण फॅमिली आहोत." टीम लंचला आमच्या डब्यातली भेंडी हक्काने उचलणार, वाढदिवसाला स्वतःच केक फासायला पुढे येणार. टीममध्ये एक चोवीस वर्षांचा मुलगा आहे. कॉलेजमधून थेट आलेला, कामात चोख, तोंडाने जरा फटकळ. एकदा मोठी मीटिंग चालू असताना त्याने मॅनेजरचा जांभई देतानाचा स्क्रीनशॉट काढला आणि त्याचं स्टिकर बनवलं. खाली लिहिलं, "सिस्टीम हँग".

सगळा ग्रुप हसला. मीही हसलो. मॅनेजर तर सगळ्यात जास्त हसले. पुढचे दोन महिने कुठलं डिप्लॉयमेंट अडकलं की तेच स्वतः ते स्टिकर टाकायचे.

मग गेल्या महिन्यात एक दिवस रिलीज लांबला. त्यासाठी जो ग्रुप होता त्यात क्लायंटकडचे दोघं आणि आमचे व्हाइस प्रेसिडेंट होते. मॅनेजरने तिथे लिहिलं, "थोडा वेळ लागेल." त्याखाली या मुलाने ते स्टिकर टाकलं. त्याच्या म्हणण्यानुसार आपण कुठल्या ग्रुपमध्ये आहोत ते त्याच्या लक्षातच आलं नाही. मिनिटभरात डिलीट केलं, पण ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस. वरिष्ठांचा जाहीर अवमान. आठवड्याभराने वॉर्निंग लेटर, आणि वर्षाचा व्हेरिएबल पे शून्य. त्या मुलाच्या घरी बहिणीच्या इंजिनिअरिंगची फी याच पैशातून भरायची ठरली होती.

हा न्याय झाला का?

कँटीनमध्ये दोन पक्ष पडले. एक म्हणतो, ऑफिस म्हणजे कट्टा नाही, साहेब तो साहेब, मर्यादा पाळायलाच हवी. दुसरा म्हणतो, एका स्टिकरसाठी एवढं? यांना विनोदच कळत नाही. मी दोन्हीकडे मान डोलावत होतो. रात्री घरी येऊन पोथी उघडली तर हेच श्लोक समोर.

शांतपणे वाचलं की लक्षात येतं, अर्जुन स्वतःच्या चुकीची चक्क वर्गवारी करतोय. आपण बग रिपोर्ट लिहिताना लिहितो ना, कुठे घडलं, कसं घडलं, कोणासमोर घडलं? तसंच.

पहिली गोष्ट हेतूची. अर्जुन दोनच कारणं सांगतो, प्रमाद आणि प्रणय. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, प्रणय म्हणजे जिव्हाळा. तिसरं कारण, म्हणजे द्वेष, त्या यादीत नाही. एखाद्याला खाली पाडायचं म्हणून केलेली टिंगल आणि जवळीक वाटते म्हणून केलेली चेष्टा बाहेरून सारखीच दिसतात, पण त्या एक नव्हेत. शिक्षा ठरवणाऱ्याने आधी हे पाहायला हवं. पण दुसरी बाजूही बघा. बेसावधपणा ही चूकच आहे. "माझा तसा हेतू नव्हता" म्हणून अर्जुन हात झटकत नाही. हेतू वाईट नव्हता हे सांगतो आणि तरीही क्षमा मागतो.

दुसरी गोष्ट जागेची. दोघंच असताना आणि इतरांच्या देखत, असा फरक तो मुद्दाम करतो. हजारो वर्षांपूर्वीचा ग्रंथ आहे, पण आपल्या ग्रुप चॅटचा सगळा प्रश्न यात आलाय. तेच स्टिकर टीमच्या ग्रुपमध्ये प्रेमाचं होतं आणि क्लायंटसमोर अपमानाचं झालं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अर्जुनाने ज्याला मित्र म्हणून हाक मारली, त्याला मित्र म्हणायची मुभा कोणी दिली होती? खुद्द भगवंतांनी. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला तेच अर्जुनाला आपला भक्त आणि सखा म्हणतात. आपण कोण आहोत हे पूर्ण ठाऊक असताना त्यांनी ती थट्टा वर्षानुवर्षं आनंदाने सोसली. म्हणून अर्जुनाने माफी मागितल्यावर ते "आता कळलं ना मी कोण आहे?" असं म्हणत नाहीत. जुना हिशेब काढत नाहीत. घाबरू नकोस म्हणतात, पुन्हा ते ओळखीचं सौम्य रूप घेतात आणि धीर देतात. सख्य रद्द होत नाही.

"सर म्हणू नका" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. चटईवर शेजारी बसायला तुम्ही बोलावलं, दोन महिने त्याच चेष्टेवर हसलात, तर ज्या दिवशी ती चेष्टा अवघड जागी झाली त्या दिवशी थोडा वाटा तुमचाही आहे. खाली बसताना मित्र आणि उठताना साहेब, हे चालत नाही.

माझी एक मैत्रीण कामगार कायद्याची वकील आहे. तिला विचारलं तर तिने मला फार छान गोष्ट दाखवली. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या नमुना नियमांमध्ये शिक्षा ठरवताना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या: गैरवर्तन किती गंभीर, आधीचं रेकॉर्ड कसं, आणि दोष सौम्य किंवा तीव्र करणारी परिस्थिती कोणती. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने वरिष्ठाशी अनुचित भाषेत बोललेल्या एका कर्मचाऱ्याची बडतर्फी जास्त ठरवली आणि दोन वेतनवाढी रोखण्यावर भागवलं. त्याची आधीची नोकरी निष्कलंक होती. उलट २००५ साली, वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम ठेवली. म्हणजे "साहेबाला बोलला" एवढंच पुरेसं नाही. काय बोलला, कसं बोलला, आधी कसा वागत होता, हे सगळं तोलायचं असतं. वर्गवारी करायची, अर्जुनासारखी.

आणि तोल गेला तर काय होतं हेही महाभारतातच आहे. मौसल पर्वात यादवांची मुलं सांबाला गर्भवती बाईचं सोंग देतात आणि द्वारकेत आलेल्या ऋषींना विचारतात, हिला काय होईल? निव्वळ खोडी. आणि हो, वाईट खोडी, कारण ऋषींशी त्यांची काही जवळीक नव्हती, तिथे प्रणय नव्हता, फक्त टवाळी होती. पण रागावलेल्या ऋषींनी शाप दिला आणि त्या मुसळापायी सगळं कूळ संपलं. ज्यांनी सोंग रचलं नव्हतं तेही गेले. पोरांची चूक होती का? होती. म्हणून रागाने दिलेली शिक्षा मापात राहिली का? तुम्हीच सांगा.

इथवर लिहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, मॅनेजर चुकले. पण मग एक प्रश्न पडला आणि मी अडकलो.

मॅनेजर म्हणजे काही भगवंत नव्हेत.

आपण पंढरीच्या विठोबाला "तू" म्हणणारी माणसं. जनाबाईंनी तर अभंगात त्याला शिव्याही घातल्यात. त्याचं काही बिघडत नाही. आपल्या थट्टेने विश्वरूप एका केसाएवढंही लहान होत नाही. माणूस मात्र लहान होतो. देवाला लागत नाही, माणसाला लागतं. म्हणून भगवंतांची क्षमा दाखवून "तुम्हीही हसून सोडा" असं एखाद्या दुखावलेल्या माणसाला सांगणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

परवा मी मॅनेजरकडे गेलो. केबिनचं दार लावलं आणि विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या रिलीजवर माझं स्वतःचं रिव्ह्यू होतं रे. व्हीपींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तुझी टीम तुला गांभीर्याने घेते का? मला काय बोलावं सुचेना." त्यांचा आवाज वेगळाच होता. त्यांना खरंच लागलं होतं. एकांतात चाललेली थट्टा चारचौघांत आली की काय होतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

तर माझं मत असं झालंय. शिस्त हवी का? हवी. त्या मुलाला बोलावून समज द्यायला हवी होती, ज्या ग्रुपमध्ये घडलं तिथे त्याने माफी मागायला हवी होती, लेखी ताकीद दिली असती तरी मी मान्य केलं असतं. पण वर्षभराच्या पैशाला हात घालणं मापाबाहेरचं आहे. आणि चौकशीत अर्धंच सत्य पुढे आलं असेल, तर दिलेली शिक्षा सौम्य असो की कडक, तिला न्याय म्हणता येत नाही.

आता ते अर्धं सत्य. मंडळी, हे लिहायला मला तीन दिवस लागले.

चौकशीत एचआरने माझं लेखी म्हणणं मागितलं होतं. मी लिहिलं, "सदर वर्तन अनुचित होतं." एक ओळ, खाली सही. ते स्टिकर मॅनेजर स्वतः वापरायचे हे लिहिलं नाही. ते सगळ्यात आधी दुसऱ्या टीमला कोणी पाठवलं? मी. तेही लिहिलं नाही. माझं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. एवढंच कारण. माझ्या वागण्यात प्रमाद नव्हता आणि प्रणयही नव्हता. भीती होती, आणि तीही जाणूनबुजून पत्करलेली.

अर्जुनाला कोणी नोटीस दिली नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं. त्याने स्वतःहून यादी काढली, आणि त्यात स्वतःचीच नावनिशी लिहिली, इतरांची नाही. शिस्तीची कुठलीही कारवाई माणसाकडून हे करवून घेऊ शकत नाही. सही घेता येते, पश्चात्ताप घेता येत नाही.

काल सकाळी मी एचआरला दुसरं पत्र दिलं. राहिलेल्या दोन्ही गोष्टी लिहिल्या. प्रत मॅनेजरला दिली, पाठीमागून काही नको म्हणून. त्यांनी वाचलं, मान हलवली, काही बोलले नाहीत. एचआरचं उत्तर अजून यायचंय. पैसे परत मिळतील का, माझं काय होईल, माहीत नाही.

त्या मुलालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, सर."

आधी तो मला दादा म्हणायचा.

अर्जुनाला त्याचा सखा परत मिळाला, कारण समोर भगवंत होते. मला तो "दादा" परत मिळवायला वेळ लागेल, आणि तो माझा हक्क नाही हेही कळतंय.

आजची साधना छोटीशी. झोपण्याआधी पाच मिनिटं बसा. ज्याची थट्टा आपण चारचौघांत केली असा एक माणूस आठवा. ज्याला शिक्षा झाली आणि आपण गप्प राहिलो असा दुसरा आठवा. पहिल्याची माफी मागायची. दुसऱ्यासाठी तोंड उघडायचं. फोन हातातच असतो आपल्या, उद्यावर ढकलू नका.

जय जय राम कृष्ण हरी!