राजाचे पत्र आणि गावचे वडील
(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय २१)



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा वाचिताना आपण अहाब व ईजबेल ह्यांजवर रागावतो. इज्रेल गावच्या वडिलांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. राजाची मोहर लाविलेले पत्र त्यांस आले आणि त्यांनी ते निमूटपणे मानिले. उपास पुकारिला, सभा भरविली, दोन साक्षीदार समोर बसविले. न्यायाचा विधी यथासांग झाला. न्याय तेवढा झाला नाही.

आपल्या देशातही असा प्रसंग येऊन गेला. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारिली गेली व पुष्कळ माणसे खटल्यावाचून तुरुंगात पडली. त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्याचा आम्हांस अधिकार आहे, असे मुंबईचे धरून नऊ उच्च न्यायालयांनी ठरविले होते. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी ते दार लाविले. न्या. हंसराज खन्ना एकटे विरुद्ध राहिले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमिले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

मार्च १९७७ मध्ये लोकांनी मत देऊन ते सरकार दूर केले. मग सर्व पूर्ववत् झाले काय? हे पेण-अलिबागच्या खारेपाटातील शेतकऱ्यास विचारावे. उधाणाने बांधास खांड पडली, तर ती बुजविणे हे पहिले काम खरे. परंतु आत शिरलेला खार त्या दिवशी निघत नाही. पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत भात नीट येत नाही.

खांड बुजविली ती १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मागण्यासाठी न्यायालयाचे दार आणीबाणीतही बंद करिता येणार नाही, असे तिने ठरविले. खार मात्र राहिला. तो निकाल रद्द न होता तसाच होता. त्या चौघांपैकी न्या. भगवती ह्यांनी २०११ साली आपली चूक उघडपणे कबूल केली. अखेरीस २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल मोडिला. तो चुकीचा होता, असे आपल्या निकालपत्रात लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्या चौघांतील न्या. यशवंत चंद्रचूड ह्यांचे पुत्र. बापाचा मान निराळा व बापाची चूक निराळी, हे आपल्या घराघरांतून किती जणांस साधते?

अहाबानेही गोणपाट नेसून उपास केला. परंतु मळा नाबोथाच्या घराण्यास परत मिळाला, असे त्या अध्यायात कोठे लिहिलेले नाही. आणि पत्र मानणाऱ्या त्या वडिलांपैकी कोणी पुढे येऊन काही बोलला, असेही नाही.