या वयात शिकून काय करायचे?

"गोवऱ्या मसणात गेल्या गुरुजी, आता पाटी कशाला धरू?" साठी ओलांडलेल्या आपल्या कोणत्याही आयाबायांपुढे पाटी ठेवली की हे उत्तर ठरलेले असते. त्या हसून म्हणतात आणि आपणही हसून विषय सोडून देतो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो त्यांचा एकट्यांचा नाही. तो त्यांच्या शिकलेल्या मुलांच्या मनात असतो, सुनेच्या मनात असतो आणि सरकारच्या कागदपत्रांतही तो वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेला आढळतो. ज्याचे थोडेच दिवस उरले त्याने ज्ञान मिळवून उपयोग काय? म्हणजेच, ज्ञान हे कशासाठी असते?

सरकारी हिशेब आधी पाहू. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो १५ ते ३५ या वयाच्या माणसांसाठी होता. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, त्याचेही लक्ष्य १५ ते ३५ हेच होते. जी बाई १९७८ साली ३६ वर्षांची होती ती तेव्हा एका वर्षाने हुकली आणि दहा वर्षांनी दुसरी योजना आली तेव्हा ४६ वर्षांची म्हणून पुन्हा हुकली. लहानपणी शाळेने तिला घेतले नाही, तरुणपणी योजना नव्हती आणि योजना आली तेव्हा तिचे वय निघून गेले होते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आलेल्या 'उल्लास' कार्यक्रमात १५ वर्षांपुढच्या सर्वांना जागा आहे, 'प्रौढ शिक्षण' हे नाव टाकून 'सर्वांसाठी शिक्षण' असे म्हटले आहे, ही चांगली गोष्ट झाली. तरी त्यातही प्राधान्य आधी १५ ते ३५ ला, मग बाकीच्यांना.

या आकड्यांमागे दुष्टावा नाही, एक विचार आहे. माणूस ज्या वयात कमावतो त्या वयात त्याला शिकवावे, म्हणजे खर्च वसूल होतो. मी शिक्षक आहे, या विचाराचे बळ मला कळते. वर्गात मुलांना बसायला जागा पुरत नाही, तेव्हा सत्तरीच्या आजीसाठी खडू झिजवावा काय, असे कोणी विचारले तर त्याला एकदम अडाणी म्हणता येत नाही. पण बंधू-भगिनींनो, हा विचार शेवटपर्यंत नेऊन पाहा. वसुली होईल त्यालाच विद्या द्यायची असे ठरले, तर आजाऱ्याला, अपंगाला, घरात राबणाऱ्या बाईला काय द्यायचे? आपल्या पूर्वजांना विद्या नाकारली तेव्हा जन्म पाहिला गेला. आता वय पाहून नाकारायची, तर मोजपट्टी तेवढी बदलली. माणसाला मोजणे राहिलेच.

शिवाय येथे प्रश्न नुसत्या उपयोगाचा नाही, देण्याचा आहे. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या शाळेच्या फीचे पैसे आजीच्या डोक्यावरच्या मोळ्यांतून आले. ती शिकली नाही याचे कारण तिला शिकायचे नव्हते हे नाही. मी शिकावे म्हणून ती राबली. एका बँकेच्या खिडकीपाशी कारकुनाने तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिने अंगठा पदराला पुसला आणि काही बोलली नाही. सावकाराचे कर्ज ऋणको म्हातारा झाला म्हणून माफ होत नाही. मग समाजाकडे ज्याचे येणे आहे तो म्हातारा झाला, एवढ्यावरून समाजाचे देणे कसे फिटेल?

कायदा या बाबतीत काय म्हणतो हेही पाहण्याजोगे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली जो अधिनियम झाला, त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. कल्याण म्हणून आणखी जे सांगितले त्यात करमणूक केंद्रांचा उल्लेख आहे. शिक्षणाचा शब्द नाही. म्हाताऱ्या माणसाला पोट आहे, दुखणे आहे, त्याला वेळ घालवायचा आहे, एवढे कायद्याने मान्य केले. त्याला जिज्ञासा असेल, हे कायदा करणाऱ्यांना सुचले नाही.

आता आमच्या नाशिकचे घ्या. नाशिकरोडला नोटांचा व मुद्रांकांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला लष्कराचे ठाणे. यांतून निवृत्त झालेल्यांच्या वसाहतींत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तेथे व्याख्याने होतात, योगाचे वर्ग होतात, सहली निघतात. हे सर्व चांगलेच आहे, आपल्यातलेही काही पेन्शनर त्यांत आहेत, त्यांचा मला आनंद आहे. परंतु 'निवृत्ती' हा शब्द ज्याला नोकरी होती त्याच्यासाठी आहे. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत विरळणीला आणि खुडणीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या आहेत ना? त्यांना कोणत्या तारखेला निरोपाचा नारळ मिळतो? हात चालतो तोवर रोज, हात थांबला की नातवंडे सांभाळणे. फ्रान्समध्ये तुलूझ येथे १९७३ साली निवृत्तांसाठी 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' निघाले, पुढे १९८२ च्या सुमारास इंग्लंडात म्हाताऱ्यांनीच एकमेकांना शिकवायची तशीच व्यवस्था उभी केली. कल्पना उत्तम. पण तिच्या पोटात एक गृहीत आहे की तिसऱ्या वयात फुरसत मिळते. आपल्या बायांना ना पहिले वय मिळाले ना तिसरे. जे मिळाले ते सगळे मधलेच, राबण्याचे. त्यांना शिकवायचे तर अक्षराच्या आधी फुरसत द्यावी लागेल, आणि ती सरकार नव्हे, घरातल्या माणसांनी द्यायची आहे. संध्याकाळचा तासभर सुनेने चूल आणि मुलाने पोरे सांभाळली तर आजीची शाळा भरते. नाहीतर कितीही योजना आल्या तरी भरत नाही.

नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या वाटेवर, १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शाळा सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा शिक्षणक्रम अनेक वर्षे चालवला आणि कितीतरी गृहिणी, कामगार त्या वाटेने पदवीपर्यंत गेले. त्याचे दार मोठे आहे. मात्र उंबरठा वाचता येणाऱ्यालाच ओलांडता येतो. उंबरठ्याच्या अलीकडे काय करता येते ते ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने दाखवले. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे फार छापली. पाहणाऱ्याला गंमत वाटते, हे त्याचे कारण. मला त्यात गंमत वाटत नाही. अंगठा देणारी बाई सही करू लागली, एवढी गंभीर गोष्ट दुसरी कोणती?

ज्यांना हे सर्व आजचे खूळ वाटते त्यांनी थेरीगाथेतील सोणा थेरीची हकीकत आठवावी. दहा मुलांची आई. मुले मोठी झाली, आईचा मान राहिला नाही, तेव्हा म्हातारपणी ती भिक्खुणी संघात आली. दिवसा कामे, म्हणून रात्री अभ्यास. अंधारात डोके आपटू नये म्हणून खांबाला, झाडाला हात धरून ती चंक्रमण करी, असे अट्ठकथा सांगते. तथागतांनी उद्योगी भिक्खुणींत तिला अग्रस्थान दिले. राध नावाचा एक गरीब म्हातारा श्रावस्तीच्या विहारात झाडलोट करून राहत असे. त्याला प्रव्रज्या द्यायला कोणी भिक्खू तयार होईना. शेवटी सारिपुत्तांनी त्याला शिष्य केले, कारण या माणसाने एकदा आपल्याला पळीभर अन्न वाढले होते याची त्यांना आठवण होती. म्हातारा शिष्य नको, हे त्या काळच्या भिक्खूंनाही वाटले होते, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. आणि बाबासाहेबांचे वय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ६५ वर्षांचे होते. त्या दिवशी नागपूरला ज्या हजारो म्हाताऱ्या माणसांनी घरातले देव सोडून नवे काही शिकायचे ठरवले, त्यांना कोणी 'या वयात?' असे विचारले असते तर?

कोणी म्हणेल, शिकणे म्हणजे वाचणेच कशाला? वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, ते ऐकून आयाबाया पुष्कळ शिकतात. खरे आहे. ऐकणे कमी प्रतीचे नाही. तथागतांचा उपदेश कित्येक पिढ्या ऐकूनच टिकला. पण ऐकणाऱ्याला वाचणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. आमच्या त्रिरश्मी लेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. पुळुमावी राजाच्या १९ व्या वर्षी त्याच्या आजीने हे लेणे भिक्खूंना दान दिले, असे त्यात आहे. आपण ते अभिमानाने सांगतो. त्याच लेखात तिच्या मुलाची, गौतमीपुत्राची, जी स्तुती आहे, तिच्यात त्याने चार वर्णांचा संकर थांबवला हेही एक पुण्यकर्म म्हणून कोरले आहे. बौद्ध लेण्याच्या भिंतीवर वर्णव्यवस्थेची वाखाणणी! सहलीला नेणारा मार्गदर्शक ही ओळ सांगेलच असे नाही. ज्याला वाचता येते, किंवा 'पुरे वाचून दाखव' असे म्हणता येते, त्यालाच ती कळते. पूर्वी पोथी दुसऱ्याच्या हातात होती म्हणून आपण फसलो. ग्रंथ बदलला आणि वाचणारा हात मात्र दुसऱ्याचाच राहिला, तर नवदीक्षित घरातल्या आजीच्या दृष्टीने काय बदलले?

याची दुसरी बाजूही आहे. शिकवण्याच्या उत्साहात आपण म्हाताऱ्यांना लाजवू नये. एखाद्या आजोबांनी सांगितले की बाबा, मला आता नुसते उन्हात बसायचे आहे, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि आयुष्यभर राबलेल्या माणसाचा तर तो पहिला अधिकार. 'आमची आजी अडाणी' असे पाहुण्यांपुढे बोलणारी पदवीधर नातवंडे मी पाहिली आहेत. त्या आजीला बियाणे ओळखता येते, बाळंतीण सांभाळता येते, तीन पिढ्यांची नाती तोंडपाठ असतात. तिला अक्षर येत नाही, एवढेच.

ज्यांच्या विहारात असा वर्ग काढण्याचा विचार आहे त्यांना अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. पहिल्या दिवशी पाटी नको, डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, मोतीबिंदूही असतो. "डोक्यात शिरत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी बायांना खरे म्हणजे अक्षर दिसतच नसते. शिकण्याचा वेग वयाने मंदावतो, अर्थ समजण्याची शक्ती तशी मंदावत नाही; म्हणून थोडे शिकवा आणि पुन्हा पुन्हा गिरवून घ्या. पोरांचे कमळ-बदक त्यांच्यापुढे ठेवू नका. एसटीची पाटी, औषधाच्या गोळ्यांचे पाकीट, रेशनचा आकडा, मोबाईलवरचे नंबर यांपासून सुरुवात करा. जमिनीवर बसवू नका, गुडघे दुखतात. खुर्च्या मागून आणा. आणि पहिला शब्द कोणता शिकायचा ते त्यांनाच विचारा. बहुतेक जणी स्वतःचे नाव सांगतात. आमच्या वर्गातल्या एका आजीने आपल्या आईचे नाव सांगितले. ते नाव कोणत्याही कागदावर कधी लिहिले गेले नव्हते, म्हणून त्यात ऱ्हस्व की दीर्घ हे ठरवायला कोणी नव्हते. आम्ही तिलाच विचारले, आई हाक मारली की कशी ओ द्यायची, लोक तिला लांबवून बोलवत की तोडून. तिने दोनदा म्हणून पाहिले आणि दीर्घ ठरवले.