आवरणे : इंद्रियसंयमाचे एक क्रियापद

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८व्या श्लोकात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना ‘संहरते’ हे क्रियापद आले असून, कासव जसे सर्व बाजूंनी आपले अवयव आत घेते तशी जो इंद्रिये विषयांपासून मागे घेतो त्याची प्रज्ञा स्थिर झाली, असा त्या श्लोकाचा आशय आहे. ‘सम्’ हा उपसर्ग आणि नेणे या अर्थाचा ‘हृ’ हा धातू यांपासून हे रूप सिद्ध होते, आणि पसरलेले गोळा करून एका ठिकाणी आणणे हा त्याचा येथील अर्थ होय. आजच्या मराठीत ‘संहार’ म्हटले की नाश एवढेच मनात येते, त्यामुळे इंद्रियसंयम म्हणजे इंद्रिये मारणे अशी समजूत सहज रूढ होते. विवेचनातील सूत्रे शेवटी एकत्र आणणाऱ्या ‘उपसंहार’ या शब्दात मात्र गोळा करण्याचा अर्थ अजून टिकून आहे.

या क्रियापदाचे आत्मनेपदी रूपही अर्थपूर्ण आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडेच येत असेल तेव्हा ‘हृ’सारख्या धातूंना आत्मनेपद होते, असा पाणिनीचा नियम आहे (१.३.७२), म्हणजे येथे जे मागे घेतले जाते ते कर्त्याचेच असते आणि त्याच्यापाशीच राहते. लगेच पुढच्या श्लोकात गीता असेही बजावते, की विषय तोडणाऱ्या निराहारी माणसाचे विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते. आणि ६४व्या श्लोकात तर रागद्वेषरहित, स्वाधीन इंद्रियांनी विषयांत वावरणाऱ्यालाच प्रसन्नता लाभते असे म्हटले आहे.

इ. स. १२९० मध्ये नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या दृष्टांताला एक मोलाची जोड मिळाली आहे. गीतेच्या श्लोकात कासव अवयव केवळ आत घेते. ज्ञानेश्वरांचे कासव प्रसन्न असता अवयव पसरते आणि इच्छा होईल तेव्हा आवरते. पसरणे आणि आवरणे ही जोडी महाभारताच्या मोक्षधर्मप्रकरणातही आढळते, आणि तिथे ती भूतांच्या उत्पत्तिप्रलयासाठी तशीच भिक्षूच्या इंद्रियसंयमासाठीही योजली आहे. ज्ञानेश्वरांनी ती गीतेच्या या दृष्टांतात आणली आणि स्थितप्रज्ञ पुरुषाची इंद्रिये त्याच्या आज्ञेत राहून सांगितलेले काम करतात, असे स्पष्ट केले. त्यांनी वापरलेले ‘आवरणे’ हे क्रियापद घरापासून रागापर्यंत सर्वत्र चालते, आणि घर आवरणारा माणूस घरातील वस्तू नष्ट करत नाही, तर हवी तेव्हा हाती यावी म्हणून प्रत्येक वस्तू जागेवर ठेवतो.

पतंजलीच्या अष्टांगयोगातील पाचवे अंग असलेला ‘प्रत्याहार’ हा शब्दही ‘हृ’पासूनच झाला आहे. विषयांशी संबंध सुटून इंद्रियांनी जणू चित्ताच्याच रूपाचे अनुकरण करणे असे त्याचे लक्षण असून, इंद्रियांची परम वश्यता हे त्याचे फळ सांगितले आहे. वश व्हायला इंद्रिये जिवंत आणि समर्थ असावीच लागतात.

नवी मुंबईत, बेलापूरच्या पारसिक डोंगरावरील धम्म विपुल या विपश्यना केंद्रात, वेगळ्या म्हणजे बौद्ध परंपरेतून, इंद्रिये आवरण्याच्या याच प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास चालतो. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या पद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात साधक आर्य मौन पाळतो, म्हणजे वाणीबरोबर खाणाखुणाही थांबवतो, आणि आधी श्वासावर व मग देहातील संवेदनांवर लक्ष ठेवतो. म्हणजे बाहेरचा व्यवहार थांबला तरी संवेदना बंद होत नाहीत, उलट त्या अधिक सूक्ष्मपणे जाणवतात. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीचा, म्हणजे सर्वांच्या कल्याणाची भावना करण्याचा अभ्यास देऊन मौन सोडले जाते, आणि साधक पुन्हा संसारात परततो.

दोन्ही परंपरांचे सिद्धांत भिन्न आहेत, विशेषतः आत्म्याविषयी; तरीही आत वळणे हा पलायनाचा मार्ग नव्हे, याबाबत त्यांचे एकमत आहे. म्हणून माणूस किती काळ आत राहिला यावरून त्याच्या संयमाची पारख करणे अपुरे ठरते. बोलणे, खाणे, पाहणे आणि कमावणे पुन्हा सुरू झाल्यावर इंद्रिये त्याच्या आज्ञेत चालतात की तो त्यांच्यामागे ओढला जातो, यावरच ती पारख व्हायला हवी.