घराची संमति

घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे तिची किंमत किती व उपयोग काय, याचा विचार सर्वच करितात. परंतु तिच्या योगानें घरांतील माणसांचे परस्परसंबंध कसे पालटतात, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. टेलिव्हिजनचा संच घरच्या इंटरनेटला जोडणें ही गोष्ट आज इतकी सोपी झाली आहे कीं, तींत नीतीचा कांहीं प्रश्न असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. आमच्या मतें तो आहे. आणि भोर व वेल्हे या पुणें जिल्ह्यांतील डोंगरी तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे तो विशेष स्पष्ट दिसतो. (वेल्हे तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे, आम्ही येथें जुनें, परिचित नांवच ठेविलें आहे.)

या मुलुखांतील अनेक घरांची स्थिति अशी कीं, कर्तीं मुलें नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस, व आईबाप गांवीं. सणावारीं मुलगा येतो, नवा संच भिंतीवर लावतो, परवलीचा शब्द घालून तो राऊटरला जोडतो, आणि स्वतःच्याच खात्यानें सर्व सेवा चालू करितो. घराच्या भिंती दगडामातीच्या व जाड असल्या तर ५ गिगाहर्ट्‌झपेक्षां २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी बऱ्या पोहोंचतात, आणि तार ओढली तर त्याहून उत्तम, हेंहि तो पाहतो. पडद्यावर जेथें जेथें ‘मान्य आहे’ असें येतें, तेथें तेथें बटण दाबून तो मोकळा होतो. मात्र ज्यांनीं रोज त्या संचापुढें बसावयाचें, त्यांस कोणी कांहीं विचारीत नाहीं.

यांत विचारण्यासारखें काय आहे, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं यंत्राचा स्वभाव पाहिला पाहिजे. १९७२ सालीं मुंबईस दूरदर्शनचें केंद्र सुरू झालें, व पुढील वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्याच्या साहाय्यानें तेच कार्यक्रम पुण्याच्या बाजूस दिसूं लागले. त्या मनोऱ्यास आपला प्रेक्षक कोण, हें कधींच कळत नसे. पाऊस जसा कोणाच्या शेतांत पडला हें विचारीत नाहीं, तसाच तो प्रकार होता. इंटरनेटला जोडलेला संच मात्र घेतो तसा देतोहि. हवें तें चित्र मागावयाचें म्हणजे त्या मागण्याची नोंद कोठें तरी होणारच. शिवाय पुष्कळ संचांत पडद्यावर काय चाललें आहे तें ओळखून कंपनीस कळविण्याची योजना असते. अमेरिकेंत व्हिझिओ नांवाच्या कंपनीनें सुमारें १ कोटी १० लाख संचांतून अशी माहिती प्रेक्षकांच्या संमतीवांचून गोळा केल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगानें ठेविला, व २०१७ सालीं २२ लाख डॉलर देऊन कंपनीस तें प्रकरण मिटवावें लागलें. आपल्या जुन्या घरांत परक्यानें ओटीवर थांबावें, माजघरांत येऊं नये, अशी रीति असे. येथें परका माजघरांतच बसतो, आणि घरच्या मंडळींस त्याची वार्ताहि नसते.

कंपनीपुरता हा प्रश्न कायद्यानें सोडविण्याजोगा आहे. आपल्याकडील २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यानें संमति ही मोकळेपणानें, समजून व स्पष्टपणें दिलेली असावी असें ठरविलें आहे. परंतु एखाद्या व्यक्तीनें स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठीं केलेला माहितीचा उपयोग त्याच कायद्यानें आपल्या कक्षेबाहेर ठेविला आहे. तें योग्यच आहे; पण त्याचा अर्थ असा कीं, उंबरठ्याच्या आंत कायदा थांबतो आणि नीतीचें काम सुरू होतें. मुलाच्या खात्यानें संच चालला म्हणजे आईनें दुपारीं काय पाहिलें, कीर्तन कितीदां ऐकलें, मध्यरात्रीं झोंप न आल्यामुळें काय लावलें, हें सारें पुण्यास बसलेल्या मुलाच्या फोनवर दिसूं शकतें. त्यानें तें मुद्दाम पाहिलें नाहीं, तरी दिसतें.

यावर दोन उत्तरें नेहमीं मिळतात. पहिलें असें कीं, ज्याला लपवावयाचें नाहीं त्याला भय कशाचें? परंतु न्हाणीघरास दार असतें तें पाप झांकण्यासाठीं नव्हे. मनुष्याला आपला कांहीं वेळ कोणाच्याहि नजरेवांचून घालवावासा वाटतो, व वृद्धपणीं तर ही इच्छा अधिकच आदरणीय असते. दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे. आई एकटी राहते. सकाळीं संच चालू झाला म्हणजे ती सुखरूप आहे एवढें तरी कळतें. ही पाळत नसून काळजी आहे. ही भावना खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु काळजी व पाळत यांतील भेद पाहणाऱ्याच्या हेतूनें ठरत नाहीं. ज्याच्यावर नजर आहे त्याला ती ठाऊक आहे कीं नाहीं, व नको म्हणण्याची त्याला मोकळीक आहे कीं नाहीं, यावरून तो ठरतो.

मिल्लनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत केवळ स्वतःपुरतें असणारें आचरण व इतरांस स्पर्श करणारें आचरण असा भेद केला आहे. ‘मान्य आहे’ हें बटण दाबणाऱ्यास आपली कृति पहिल्या वर्गांतली वाटते. वस्तुतः ती दुसऱ्या वर्गांतली आहे. त्यानें दिलेली संमति एकट्याची, पण ती लागू होते साऱ्या घरास.

संच जोडूंच नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. दूरच्या नातवंडांचीं मुखें मोठ्या पडद्यावर दिसणें हें एकाकी घरांत लहान सुख नव्हे. आमचें मागणें इतकेंच कीं, जोडण्यापूर्वीं पांच मिनिटें बसून आईस तिच्या भाषेंत सर्व सांगावें. तिच्यासाठीं निराळें खातें उघडावें. पाहिल्याची माहिती बाहेर पाठविणारी योजना बंद करावी, व आपली नोंद पुसावी कशी हें तिला शिकवावें. बहुधा ती ‘तुला बरें दिसेल तसें कर’ असेंच म्हणेल. म्हणूं दे. तें म्हणण्याचा अधिकार तिचा होता, आणि तिला तो मिळाला, एवढें तरी त्यानें साधेल.